लांजेवारबाईंचं मशीन

स्टाफरूममध्ये लांजेवारबाईंना खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नाही. चहाचा ग्लास घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहायच्या. उत्तरपत्रिकाही उभ्यानंच तपासायच्या, छातीएवढ्या बुटक्या कपाटावर गठ्ठा ठेवून. मधूनच लाल पेन दातात धरून बाहेर व्हरांड्यात एक चक्कर मारून यायच्या. कोणी म्हटलं, "मैडम, बैठिए ना," की त्या म्हणायच्या, "बैठूँगी," आणि पुन्हा उभ्याच.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी संस्कृत शिकवायला नागपूरहून आले, ते साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. बाई फिजिक्स शिकवायच्या. त्यांच्याच घराचा अर्धा भाग मला भाड्यानं मिळाला. मधे एक भिंत आणि पुढे सामाईक अंगण. त्यामुळे त्यांच्या चपलांचा आवाज सकाळी साडेपाचपासून माझ्या कानावर असायचा. शाळेत त्या हिंदीत बोलायच्या, घरी झाडून सगळं आपल्या बोलीत. माझी शुद्ध मराठी ऐकून सुरुवातीला म्हणाल्या, "शोभा, तू बोलतं त मले आकाशवाणी लागल्यासारखं वाटते."

त्यांचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. "एक टाइम में एक चीज." प्रयोगशाळेत मुलींचा प्रयोग फसला की हे वाक्य. एकच गोष्ट बदला, काय झालं ते लिहा, मग दुसरी बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते देवालाही कळायचं नाही, असं त्या सांगत. हे लिहायला त्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं शिवून वह्या करायच्या.

एका पंधरा ऑगस्टला शाळेचा माईक ऐन वेळी बंद पडला. पाहुणे म्हणून आलेले एक मोठे साहेब भाषणाला उभे राहिलेले. पाच जण मंचावर चढले. कोणी वायर ओढतोय, कोणी डब्यावर थापा मारतोय, कोणी फुंकतोय. बाई पदर खोचून वर गेल्या आणि पाचही जणांना खाली पाठवलं. मग शांतपणे एकेक वायर तपासत गेल्या. पंधरा मिनिटांनी मंचाखाली उंदरानं कुरतडलेला तुकडा सापडला. तोवर साहेबांनी ओरडून ओरडून आपलं भाषण संपवलं होतं. बाईंनी माईक त्यांच्या समोर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "सर, अब बोलिए." साहेबांनी ते सगळं भाषण पुन्हा केलं. उन्हात उभ्या असलेल्या मुलींनी बाईंना त्या दिवशी काय काय म्हटलं असेल ते मी सांगत नाही.

एवढी रीत पाळणाऱ्या बाई एका माणसापुढे मात्र सगळी रीत विसरायच्या. ते म्हणजे त्यांचे यजमान, मनोहरराव लांजेवार.

मनोहरराव तिरोडीला मँगनीजच्या खाणीत सर्वेअर होते. आठवडाभर तिकडे, शनिवारी बालाघाटला. त्यांच्या आवाजाच्या गोष्टी मी नुसत्या ऐकल्या. म्हणे खाणीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी ते सहज बोलायचे. मी आले त्याच्या वर्षभर आधी खाणीच्या पायऱ्यांवरच त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, डावा हात थरथरता राहिला आणि आवाज पार बसला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, समजतं सगळं, फक्त जीभ वळत नाही. आणखी एक झालं होतं. मनात जरा कालवाकालव झाली की त्यांना रडू फुटायचं, कधी हसू फुटायचं, आणि ते त्यांच्या हातात नसायचं. त्यामुळे मान हलवून त्यांनी हो म्हटलं की नाही म्हटलं, यावर कोणाचाच भरवसा नव्हता. ज्याला जे हवं ते तो समजून घ्यायचा.

बाईंनी पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं लिहून एक पाटी केली होती. मराठीची जोडाक्षरं, काने, मात्रा नकोत म्हणून इंग्रजी अक्षरं, शब्द आपलेच. बाई अक्षरांवरून बोट फिरवणार, हवं ते अक्षर आलं की मनोहरराव मान हलवणार. पण बाईंचं बोट थांबायचंच नाही. दोन अक्षरं झाली की त्या पुढचं स्वतःच बोलून टाकायच्या. मी एकदा समोर होते. मनोहररावांनी खिडकीकडे पाहिलं. बाई सुरू झाल्या, "उजेड लागून राह्यला? पडदा ओढू? मंग पंखा? चहा पाहिजे? डोकं दुखते?" मनोहररावांचे डोळे भरून आले. मी खिडकीकडे पाहिलं तर गजावर एक मैना बसली होती. त्यांना बहुधा तीच दाखवायची होती. तोवर ती उडून गेली.

बाईंचा धाकटा भाऊ इंग्लंडात नोकरीला होता. तो भेटायला आला तेव्हा घरी वापरायचा एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. पाटीएवढा काळा डबा, त्यावर रबराची बटणं. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा, आणि त्याला काय काम सांगायचं ते कॅसेटमधून भरायचं. टेपरेकॉर्डर लावला की चार-पाच मिनिटं कर्कश किर्र आवाज यायचा आणि मग पडद्यावर काहीतरी उभं राहायचं. भावानं तो करमणुकीसाठी आणला होता. बाईंनी सोबतचं जाडजूड पुस्तक चार महिन्यांत उभ्याउभ्या वाचून काढलं आणि स्वतः एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी दिसायच्या आणि एक चौकट त्यांच्यावरून आपली आपण सरकत राहायची. हव्या त्या ओळीवर चौकट आली की एक बटण दाबायचं, हव्या त्या अक्षरावर आली की पुन्हा दाबायचं. अक्षर खाली लिहिलं जायचं. मनोहररावांच्या थरथरत्या बोटाला सापडावं म्हणून त्या बटणावर बाईंनी कॅरमची एक सोंगटी चिकटवली. लहानसं वाक्य लिहायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. पण चौकट कोणाचं वाक्य पुरं करत नव्हती.

मनोहररावांनी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, "मंधात बोलू नको."

बाईंनी ते स्टाफरूममध्ये स्वतः सांगितलं, हसत हसत. मग लाल पेन दातात धरून व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

त्यानंतर त्या घरात दोन माणसं बोलू लागली. बाई शाळेत असताना सांभाळायला येणारी सगुणाबाई मशीन चालू करून द्यायची. भाजीत मीठ नाही, सगुणाबाई झोपा काढते, तिरोडीचा जुना फोरमन भेटून गेला, असं काय काय बाईंना घरी आल्यावर पडद्यावर वाचायला मिळायचं. माझे तास लवकर संपले की मीही दुपारी कधी जाऊन बसायची. मनोहररावांना शाळेतल्या बातम्या लागायच्या. मी सांगायची आणि ते ऐकायचे. एका दुपारी बोलण्याच्या भरात मी सांगून टाकलं की बाईंची जबलपूरच्या ट्रेनिंगला निवड झाली होती, शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग, आणि बाईंनी बड्या मैडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, नकार कळवला. सांगून मी विसरले.

मशीन बंद पडलं ते डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी. मनोहरराव सातपासून काहीतरी लिहीत होते. बाई शाळेच्या घाईत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पडद्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. मशीन चालू केलं तर नेहमीची पहिली ओळ उमटायच्या जागी पडद्यावर काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या, थरथरणाऱ्या. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा पट्ट्या.

संध्याकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "शोभा, तुझा स्टॅबिलायझर दे."

त्यांची वही सुरू झाली होती. टीव्हीवर दूरदर्शन नीट दिसतं, म्हणजे टीव्हीचा दोष नाही. टीव्हीला जाणारी वायर बदलली, पट्ट्या तशाच. टेपरेकॉर्डर काढून टाकला, पट्ट्या तशाच. माझा स्टॅबिलायझर लावून पाहिला, काही फरक नाही. मंगळवारी प्रयोगशाळेतला मीटर पिशवीत घालून घरी आणला. मशीनला वीज देणारा काळा ठोकळा होता, अडॅप्टर. त्याची पिन सोडवून मोजलं. नऊ व्होल्ट पाहिजेत, तर नऊच भरले. वहीत लिहिलं, अडॅप्टर ठीक.

त्याच दिवशी दिगंबरभाऊंचं पत्र आलं. दिगंबर हे मनोहररावांचे धाकटे भाऊ. कटंगीच्या बाजूला गावी शेती. धानाची कामं आटोपली होती. त्यांनी लिहिलं होतं, रविवारी जीप घेऊन येतो आणि दादाला कायमचा गावी नेतो. वहिनी दिवसभर शाळेत, दादा एकटा पडतो, गावात दहा माणसं आहेत. बाईंनी ते पत्र मनोहररावांना वाचून दाखवलं. ते रडले. आनंदानं रडले की दुःखानं, ते बाईंना कळेना. दिगंबरभाऊंना मात्र ते दिसलं असतं तर लगेच कळलं असतं.

"रविवारच्या आत हे चालू झालं पाहिजे," बाई मला म्हणाल्या. "दिगंबर वाईट नाही. पण त्यानं इचारलं आन् हे रडले, त तो म्हणीन, पहा, दादाले गावाले याचंच आहे."

बुधवारी त्यांनी मशीन उघडलं. आत मुंग्या मेलेल्या होत्या. त्या ब्रशनं झाडल्या. पट्ट्या तशाच. बाईंचं शाळेत लक्ष नव्हतं. नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर आकृती काढायला घेतली आणि अर्धी सोडून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, असं मुलींनी मला सांगितलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरातून टेपची किर्र ऐकू आली. मी धावत गेले. पडद्यावर अक्षरांच्या ओळी होत्या, चौकट सरकत होती. बाईंनी सोंगटीवर मनोहररावांचं बोट ठेवलं. ते लिहायला लागले. दोन अक्षरं झाली, पडदा हलला आणि पुन्हा पट्ट्या. त्यानंतर मशीन काही केल्या उठेना.

"काय केलं होतं तुम्ही?" मी विचारलं.

बाईंनी वही उघडली. त्या दिवसाचं पान कोरं होतं.

"मी पिन घासली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्लग बदलला. ठोकळा खिडकीत थंड जाग्यावर ठेवला. सगळं एकाच वक्ती." वही मिटून म्हणाल्या, "बावीस वर्षं पोरींले शिकवून राह्यली मी. आन् आता मले माहीतच नाही का हे काहून चाललं."

त्या मला ओढत अंगणात घेऊन गेल्या. पेरूच्या झाडाखाली तीनचार येरझारा घातल्या. मग थांबून म्हणाल्या, "सोमवारी लाईट गेली ना, त्या आधी मी पडदा पाह्यलता. त्यावर होतं, इंदू तू जा."

इंदू हे बाईंचं नाव.

"तेवढंच?"

"इंदू. तू. मंग जे आन् ए. तू जा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी पाटी घेऊन बसली त्या रात्री. म्हटलं, जे ए, पुढे? ओ वर मान हलली का ओ सुटल्यावर हलली, सांगता येत नाही. जाओ झालं, म्हणजे निघून जा. मी पाटी ठेवून देली. पुन्हा नाही इचारलं."

"अहो, शाळेत जा म्हणाले असतील."

"सातपासून लिहून राह्यलते ते. 'शाळेत जा' लिव्हाले कोणी सातपासून बसते का?" त्या पुन्हा चालू लागल्या. "माहा स्वभाव त्याइले खुपते, मले माहीत आहे. मी तोंड बंद ठेवत नाही. दिगंबरकडे शांत राहतीन. पण मले पुरं वाक्य पाहिजे, शोभा. जे काही असन ते. अर्धं नको."

मला जबलपूर त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी त्यांची समजूत घालत राहिले आणि त्या ऐकत नव्हत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मशीन, ठोकळा, मीटर सगळं थैलीत घालून बस स्टँडजवळ बिसेनच्या रेडिओ दुकानात गेल्या. मी बरोबर होते. बिसेन पन्नाशीचा, कानामागे कायम पेन्सिल खोचलेला माणूस. त्यानं आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता आणि तसं त्यानं लगेच सांगितलं. बाईंनी उभ्याउभ्या सगळी वही वाचून दाखवली. तो हूँ, हूँ करत होता. अडॅप्टरचं पान आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"मैडम, नौ वोल्ट खाली नापा या लोड पे?"

बाईंनी वहीतून मान वर केली.

"खाली," त्या म्हणाल्या.

"मशीन लगा के नापिए."

बिसेननं वायरीचं साल सोलून मीटर लावला. पिन मशीनमध्ये घातली. काटा नवावरून घसरत घसरत साडेपाचवर आला आणि तिथे थरथरत राहिला. रिकामा होता तेव्हा ठोकळा पूर्ण नऊ दाखवत होता, काम पडलं की बसत होता. गुरुवारी खिडकीत थंड झाल्यावर दहा मिनिटं तग धरली होती, ती तेवढीच.

बाईंनी कपाळावर हात मारला. "नववीच्या पुस्तकात आहे हे," त्या मला म्हणाल्या. "मी स्वतः शिकवतो."

बिसेननं ठोकळा उघडला. आत वीज एकसारखी राखणारा अंगठ्याएवढा एक कंडेन्सर सुकून फुगला होता. एका जुन्या रेडिओतला काढून त्यानं तो बदलला. पुन्हा लावून मोजलं. काटा साडेआठच्या वर ठाम उभा. दुकानातल्या टीव्हीला जोडून पाहावं म्हणून बाईंनी वायर काढली, आणि लाईट गेली.

ती रात्रभर आली नाही.

रविवारी दहाला दिगंबरभाऊंची जीप दारात. उंच, रापलेला माणूस, आवाज मोठा. मनोहररावांचाही असाच असावा. दादाच्या पायांना हात लावून ते खाटेवर टेकले. "दादा, येतं ना गावाले?" मनोहररावांच्या तोंडातून हुंदका फुटला आणि मागोमाग हसू.

"पहा वहिनी," दिगंबरभाऊ म्हणाले, "जीव कसा होऊन राह्यला त्याचा. आम्ही काय परके हाओत? बांधा सामान."

"लाईट येऊ द्या," बाई म्हणाल्या.

"लाईटचं काय काम?"

"ते सांगतीन का त्याइले काय पाहिजे. मंग घेऊन जा, मी नाही म्हणत नाही."

दिगंबरभाऊंनी टीव्हीवरच्या कापडाकडे, काळ्या डब्याकडे पाहिलं आणि खाटेवर मांडी घातली. बाईंनी चहा केला. तो पिऊन झाला. त्या दारात जाऊन खांबाकडे पाहून आल्या. पुन्हा गेल्या. सगुणाबाईनं त्यांना पाणी दिलं ते त्यांनी तुळशीला घातलं. सव्वाअकराला खोलीतला दिवा लागला.

बाईंनी बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि खाली नेहमीची ओळ स्वच्छ उमटली. टेप लावली. पहिल्या खेपेला आवाज कमी पडला म्हणून भरलं नाही. दिगंबरभाऊ घड्याळ पाहू लागले. दुसऱ्या खेपेला अक्षरांच्या ओळी आल्या. बाईंनी यजमानांचं बोट सोंगटीवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "शोभा, तू बस इथं. मी बाहेर जातो. मी इथं राह्यली त बोलीन." आणि अंगणात निघून गेल्या.

चौकट सरकू लागली. आय. एन. डी. यू. मनोहररावांच्या कपाळाला घाम होता. दिगंबरभाऊ आधी खाटेवर होते, मग पडद्यापुढे खाली येऊन बसले. प्रत्येक अक्षर ते पुटपुटत होते. टी. यू. जे. ए. चौकट पुन्हा वरून निघाली आणि बी वर बोट पडलं. मग ए. मग एल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझे कान तापले.

पाऊण तास लागला. मी बाईंना हाक मारली. त्या आत आल्या त्या दाराच्या चौकटीलाच धरून थांबल्या. पडद्यावर होतं, "इंदू तू जबलपूरले जा. मी दिगूकडे राहतो. तीन महिने. मंग घरी."

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"तुमाले कोणं सांगतलं जबलपूरचं?"

मनोहररावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"पण मी त्याइले नाही म्हणून..." बाईंनी सुरू केलं. मनोहररावांनी बोट उचलून पुन्हा सोंगटीवर ठेवलं. बाई गप्प झाल्या. चौकट फिरत राहिली, सगुणाबाई धरून आम्ही चौघं तिच्याकडे पाहत होतो. त्यांनी आणखी दोनच शब्द लिहिले. "मशीन संग."

दिगंबरभाऊंनी गमछ्यानं तोंड पुसलं. "वहिनी," ते म्हणाले, "मले वाटलं व्हतं दादाले काही समजत नाही. तुमाले म्हटलं नाही कधी. पण वाटलं व्हतं."

"मलेही वाटलं व्हतं का मले सगळं समजते," बाई म्हणाल्या, आणि खाटेच्या काठावर यजमानांच्या पायाशी टेकल्या.

जीप त्या दिवशी गेलीच नाही. दुपारभर बाईंनी दिगंबरभाऊंना मशीन लावायला शिकवलं. आधी हे, मग हे, एका वेळी एकच. नांगर धरलेली जाड बोटं रबराच्या दोन बटणांवर एकदम पडायची. तीनदा बिनचूक लावून दाखवल्याशिवाय बाईंनी त्यांना उठू दिलं नाही. "वहिनी, यापेक्षा ट्रॅक्टर बरा," ते म्हणाले. बड्या मैडमच्या घरी जाऊन बाईंनी आपला नकार परत घेतला. सोमवारी सकाळी टीव्ही, मशीन आणि मनोहरराव जीपमधून गेले. बाई जानेवारीत छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेजच्या रेल्वेनं, जबलपूरला गेल्या.

तीन महिने दिगंबरभाऊंची पोस्टकार्डं येत होती. दादा पडद्यावर जे लिहील ते ते इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं उतरवून पाठवायचे, चुकलेल्या अक्षरांसकट. एका कार्डावर होतं, "दिगूचं अक्षर खराब आहे. तुले वाचता येते का?" तेही दिगंबरभाऊंनी इमानदारीत लिहून पाठवलं होतं.

मार्चअखेर बाई परतल्या, दुसऱ्याच दिवशी मनोहररावही. पुढची दोन वर्षं त्या घरात बोलणं चालू होतं. भांडणंही होत होती, पडद्यावरची आणि तोंडची. मग एका हिवाळ्यात मनोहररावांना दुसरा झटका आला आणि ते गेले. दिगंबरभाऊ तेराव्यापर्यंत थांबले. मशीन कपड्यात गुंडाळून कपाटावर गेलं. बाईंच्या चपला मात्र सकाळी साडेपाचला वाजतच होत्या.

सहा-सात महिन्यांनी माझी बदली शिवनीला झाली. निघायच्या आदल्या रविवारी मी काही सामान आणायला बस स्टँडकडे गेले, तर लांजीच्या गाडीत खिडकीशी बाई. मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं मशीन. कंडक्टर ते टपावर टाकायला मागत होता आणि बाई त्याला फिजिक्स समजावत होत्या.

"कुठे निघालात?" मी खिडकीखालून विचारलं.

"लांजीले. तिथं एक बाई आहे, शिवणकाम करत जाय. तिचंही तसंच झालं, हात गेला आन् जीभ गेली. तिच्या घरी टीव्ही आहे. पण तिले इंग्रजी अक्षरं येत नाही." त्यांनी मशीनवर पसरलेला आलेखाचा कागद मला दाखवला. मशीनमध्ये एका अक्षराला आठ घरं आडवी, आठ उभी एवढीच जागा; अशा चौकोनांत पेन्सिलीनं घरं काळी करून त्यांनी आपली अक्षरं बसवली होती. अ, आ, क, ख. गेले चार महिने त्या हेच करत होत्या, आणि मला भिंतीपलीकडे पत्ता नव्हता. "सगळी बसली. हा ळ बसत नाही आठ घरांत. दोन वाटोळे काढले की मंधातली रेघ राहत नाही."

"लांजीकडे ळ म्हणतं कोण?" मी म्हटलं. "त्याचा यच होतो, य लिहिलं तरी चालेल."

"तिच्या पोरीचं नाव कमळ आहे. तुमसरले देली." बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि पुन्हा काढली. "लोक कमय म्हणतीन, म्हणू दे. मायनं पोरीचं नाव लिव्हलं त पुरं लिव्हावं."

गाडी सुरू झाली. मी उद्या निघतेय, जमलं तर संध्याकाळी या, असं मी म्हणत होते. त्यांनी हौ हौ म्हटलं, पण नजर कागदावरच होती. गाडी वळणाला लागली तेव्हा मी हात हलवला. बाईंनी कागद खिडकीबाहेर उजेडात धरून पाहिला, मान हलवली, आणि आत ओढून पुन्हा खोडायला घेतलं.